मी दिलेली माहिती

सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात गुप्तहेर संघटनांची यादी मागच्या पानांत असते. आधी देश आणि त्यांची चलनं, मग राष्ट्रीय खेळ, मग ही यादी, आणि तिच्यानंतर कुठल्या नदीकाठी कुठलं शहर. डावीकडे देशाचं नाव, उजवीकडे संघटनेचं. ती नावं मी इथे लिहीत नाही. दादरला स्टेशनबाहेरच्या पुस्तकवाल्याकडचं कुठलंही पुस्तक उघडलं तरी सापडतील. आम्ही दोघींनी ती यादी चार वर्षं पाठ केली. दर वर्षी नवीन आवृत्ती आली की आधी ते पान बघायचो, एखाद्या देशाने नाव बदललंय का म्हणून.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. आमची ओळखसुद्धा त्याच पानावरून झाली. लालबागला एका मंडळाची अभ्यासिका आहे, खाली व्यायामशाळा आणि वर आम्ही. दिवसभर खालून वजनं आपटल्याचे आवाज येत. एप्रिल-मेमध्ये शेजारच्या मसाला कुटायच्या गिरण्या जोरात सुरू झाल्या की आख्खी अभ्यासिका शिंकत असे. गणपतीच्या महिन्यात कार्यकर्त्यांना जागा लागायची, तेव्हा अभ्यास घरी. मला खरं तर अभ्यासिकेची गरज नव्हती. आम्ही परळला राहायचो, वडील विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, घरात माझं स्वतःचं टेबल होतं. पण घरी बसलं की आई दर अर्ध्या तासाने येऊन "झालं का गं?" विचारायची. काय झालं का, ते तिलाही माहीत नसायचं.

एकदा मी ते पान उघडून बसले होते, तर समोरची मुलगी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "ऑस्ट्रेलिया?"

मी उत्तर दिलं.

"चूक. ती देशातल्या देशात काम करणारी. बाहेरची वेगळी आहे. एका अक्षराचा फरक."

पुस्तकात बघितलं तर तिचं बरोबर होतं. त्या दिवसापासून आम्ही समोरासमोर बसायला लागलो.

ती तिथून चार मिनिटांवरच्या चाळीत राहायची. दहा बाय बाराची खोली. आजोबा गिरणीत होते, वडील आजारपणामुळे गावी, कोकणात, जुनं घर सांभाळून होते, आणि आई परळच्या एका हॉस्पिटलात आया होती. आईची पहिली पाळी असली की त्या दुपारी घरी असत, खोलीत माणसं येत, मग अभ्यास अभ्यासिकेतच. दुसरी पाळी असली की आम्ही कधी कधी तिच्या खोलीवर बसायचो. ओट्याच्या वर तिने ती यादी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवली होती. ब्रिटनच्या संघटनेच्या नावात सहाचा आकडा येतो, म्हणून सहा नंबरच्या खोलीतल्या काकांना आम्ही आपसात ब्रिटन म्हणायचो. शेजारच्या देशाची संघटना पाठ करावी लागत नाही, ती टीव्हीवालेच करून घेतात. बाकीच्यांसाठी असलेच काहीतरी चाळे करावे लागायचे. तिच्या आईला रोज कानावर पडून अर्धी यादी यायला लागली होती. पाळीला निघायच्या आधी चपात्या लाटता लाटता मध्येच त्या एखाद्या देशाचं नाव घ्यायच्या आणि आम्ही चुकलो की हसायच्या. "माका येता, तुमका येना?"

एकदा ती म्हणाली, "आपल्याला सगळ्यांची नावं माहीत आहेत. कोण नेमकं काय करतं, ते एकाचंही माहीत नाही."

"नावालाच मार्क आहे," मी म्हटलं.

ती अशीच होती. मार्क कशाला आहे ते मला बरोबर कळायचं आणि तिला त्याच्यामागे काय आहे ते हवं असायचं. तरी सराव परीक्षेत ती माझ्यापुढे असायची, थोडीशीच, पण नेहमी.

त्याच काळात तिच्या चाळीच्या पुनर्विकासाचं चाललं होतं. संक्रमण शिबिरात जायचं होतं, पण कोणाला कॉटन ग्रीनला खोली मिळणार, कोणाला शीवच्या पुढे, काही लेखी मिळत नव्हतं. एका सकाळी चाळीतल्या बायका रस्त्यावर येऊन बसल्या. आम्ही दोघी अभ्यासिकेकडे निघालो होतो. आमची त्या दिवशी सराव परीक्षा होती. तिची आई त्या बायकांत पुढेच बसलेली दिसली, हॉस्पिटलची निळी साडी नेसलेली, पाळी चुकवून. मैत्रिणीने तिची बॅग माझ्या हातात दिली. "धर जरा," म्हणाली, आणि आईजवळ जाऊन बसली. मी फुटपाथवर दोघींच्या बॅगा घेऊन उभी राहिले. मला वाटलं दहा मिनिटांत उठतील. अर्ध्या तासाने पोलिसांची गाडी आली. आरडाओरडा फारसा झाला नाही. महिला पोलिसांनी एकेकीला उठवून गाडीत बसवलं. खिडकीच्या जाळीतून तिने मला हात केला आणि ओरडून म्हणाली, "तू जा, पेपर दे!"

मी गेले आणि पेपर दिला.

दुपारी चारला त्यांना सोडलं. नाव, वय, पत्ता लिहून घेतला होता, चहा दिला होता. मैत्रीण सांगत होती, "बाईंनी विचारलं, काय करता? मी म्हटलं, अभ्यास. कसला अभ्यास? मी म्हटलं, सध्या गुप्तहेर संघटना चालू आहेत. हसायलाच लागल्या." तीही हसत होती.  तिच्या आई मात्र पोलीस स्टेशनची पायरी जन्मात पहिल्यांदा चढल्या होत्या.

पुढच्या वर्षी केंद्र सरकारच्या अशाच एका गुप्त कामाच्या खात्यात पदांची भरती निघाली. खालची पदं, पण कायमची. आम्ही दोघींनी फॉर्म भरला. तिला त्या नोकरीची खरोखर ओढ होती. आमची यादी म्हणजे तिच्यासाठी कुठल्यातरी बंद दाराची पाटी होती आणि आता दार उघडेल असं तिला वाटत होतं. मला फक्त नोकरी हवी होती. गंमत म्हणजे पेपरात गुप्तहेर संघटनांवर एकही प्रश्न आला नाही.

निकाल लागला तेव्हा तिचा नंबर होता, माझा नव्हता. थोडक्यात राहिलं. माझे वडील म्हणाले, "अगं, पुढच्या वेळी." आईने तिच्यासाठी पेढे आणले आणि माझ्याच हातात दिले, देऊन ये म्हणून. मी गेले, दिले, तिला मिठी मारली. त्या मिठीत खोटं काही नव्हतं. घरी येताना मात्र मी भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला दोन-तीनदा सिग्नल सुटूनही रस्ता न ओलांडता उभी होते, हेही खरं आहे.

मुलाखत झाली, तीही ती पास झाली. मग पडताळणीचा फॉर्म आला. बरीच पानं, सगळं इंग्रजीत, हाताने भरायचं, खाडाखोड चालणार नाही, आणि तीन प्रती. तिचं अक्षर वाईट होतं. माझं वडिलांनी घोटवून घेतलेलं, कचेरीतल्यासारखं. ती म्हणाली, "तूच भर. मी सांगते."

रविवारी सकाळी आम्ही तिच्या खोलीत पाट घेऊन बसलो. आई कामावर होती. फॉर्मच्या पहिल्या पानावर वरच ठळक अक्षरांत सूचना होती, खोटी माहिती दिली किंवा माहिती लपवली तर उमेदवार अपात्र ठरेल. मी ती वाचली. तिला मोठ्याने वाचून दाखवली नाही, कारण असल्या सूचना प्रत्येक फॉर्मवर असतात. कुठे कुठे राहिलात, वडील काय करतात, परदेशात कोणी आहे का, असं करत एका रकान्यापाशी आलो. तुम्हाला कधी अटक झाली आहे का, ताब्यात घेतलं आहे का, खटला चालला आहे का.

ती थांबली. "ते त्या दिवशीचं?"

"ती अटक कुठे होती?" मी म्हटलं. "नावं लिहून सोडलं. गुन्हा नाही, काही नाही."

"पण ताब्यात म्हटलंय."

"तू लिहिलंस तर उगाच चौकशा लागतील. 'नाही' लिहू या."

तिने तो रकाना पुन्हा वाचला. मग म्हणाली, "तुला जास्त कळतं." मी 'नाही' लिहिलं. तीन प्रतींवर तीनदा. तिने सह्या केल्या.

महिन्याभराने, सकाळी अकराच्या सुमारास, अभ्यासिकेत एक गृहस्थ आले. साधा शर्ट, पायात चामडी चपला, खांद्याला डब्याची पिशवी. माझ्या वडिलांपेक्षा थोडे लहान असतील. त्यांनी खाली येता का म्हणून विचारलं आणि ओळखपत्र दाखवलं. व्यायामशाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. आत दोघं-तिघं जोर मारत होते.

"तुम्ही दोघी बरोबर अभ्यास करता ना?"

"हो. चार वर्षं झाली."

"मुलगी कशी आहे?"

"हुशार आहे. सरळ आहे."

घरी कोण येतं-जातं, कर्ज-बिर्ज कोणाचं, परदेशात नातेवाईक, कुठल्या पक्षाचं काम, असं ते विचारत गेले आणि मी नाही, नाही म्हणत गेले. घडी घातलेल्या कागदावर ते बॉलपेनने बारीक काहीतरी टिपत होते. मला मनात हसू येत होतं. चार वर्षं ज्यांची यादी पाठ केली, त्यांच्यातला पहिला माणूस आज दिसला, आणि तो आमच्या पोस्टमनसारखा दिसत होता.

"मोर्चा, आंदोलन, असं कधी काही?"

मी गप्प राहिले. फार तर चार-पाच सेकंद. त्या चार-पाच सेकंदांत काय झालं, ते मी नंतर कितीदा तपासून पाहिलं आहे. ह्यांना आधीच माहीत असणार, हे माझी परीक्षा घेतायत, असं वाटलं. सरकारी माणसाशी खोटं बोलू नये, असंही वाटलं; आमच्या घरात ते फार पाळलं जायचं. पण ह्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला असा प्रश्न विचारत होतं, ज्याचं उत्तर तिच्याशिवाय फक्त मला येत होतं.

"एकदा," मी म्हणाले. "चाळीच्या प्रश्नावर. पण ते सगळ्याच बायका बसल्या होत्या, ती नुसती आईबरोबर—"

"पोलीस स्टेशनला नेलं होतं?"

"हो. चार वाजता सोडलं."

"साधारण कधी?"

मला तारीख आठवत होती, सराव परीक्षेमुळे. मी तारीख सांगितली.

त्यांनी लिहून घेतली. माझं नाव विचारलं. मग सहज म्हणाले, "तुम्हीही बसला होता ह्या परीक्षेला?"

"हो."

"मग?"

"थोडक्यात राहिलं."

त्यांनी मान हलवली, कागदाची घडी करून खिशात टाकली, आणि माझ्याकडे एकदा नीट बघितलं. "थँक यू, ताई," म्हणाले आणि गेले. मी वर येऊन बसले. ती त्या दिवशी आईबरोबर बँकेत गेली होती. दुपारी आली, समोर बसली, आणि मी तिला काही बोलले नाही. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं.

पत्र आलं ते दोन महिन्यांनी. पडताळणीत आढळलेल्या बाबीविषयी खुलासा करावा, पंधरा दिवसांच्या आत. ती पत्र घेऊन माझ्याकडे आली, आमच्या घरी, माझ्या टेबलापाशी. आईने पोहे दिले. ती शांत होती. "खुलासा लिहून दे," म्हणाली. मी लिहिला. वडिलांना विचारून इंग्रजी सुधारलं. त्यात 'इनॲडव्हर्टन्टली' हा शब्द मी घातला होता, म्हणजे अनवधानाने उल्लेख राहून गेला. तिने त्याचा अर्थ विचारला.

"लक्ष नव्हतं म्हणून."

"लक्ष तर होतं," ती म्हणाली. पण सही केली. सही करताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी ऐकायला थांबावं तशी थांबली. मला तेव्हा ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

पाच महिने काही आलं नाही. अभ्यासिकेत आम्ही दुसऱ्या परीक्षांचा अभ्यास करत होतो, पण समोरासमोर बसूनही एकमेकींना प्रश्न विचारणं कमी झालं होतं. शेवटी दोन ओळींचं पत्र आलं. खुलासा समाधानकारक नाही, उमेदवारी रद्द. मी तिच्या खोलीवर गेले तर आई दाराशीच बसल्या होत्या. "बस गो. चाय टाकतंय," म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "येवढ्या मोठ्या सरकारक माझ्या चेडवाची भीती वाटली?" आणि त्याच्यानंतर, "माझ्यामुळे झाला ता. मी कित्याक बसलंय थंय?" मैत्रीण म्हणाली, "आई, पुरे." ओट्याच्या वरची यादी तिथेच होती. त्या दिवशी आई तिच्याकडे बघत नव्हत्या.

त्या माऊलीने स्वतःवर घेतलं, ते मला सहन झालं नाही. तरीही सांगायला मला आणखी तीन आठवडे लागले. आईंच्या डोळ्यांत पडदा वाढत होता, त्यांची पाळी सुटली की डॉक्टरांना दाखवायचं होतं, म्हणून आम्ही दोघी हॉस्पिटलच्या आवारात बाकावर बसलो होतो. दुपारचे अडीच झाले असतील. ती मोसंबं सोलत होती.

"तुला एक सांगायचंय," मी म्हटलं.

"सांग."

"तो चौकशीवाला माणूस अभ्यासिकेत आला होता. त्याने मला विचारलं. मी सांगितलं."

ती सोलत राहिली. "माहीत आहे."



"तो मग आमच्याकडे आला होता," ती म्हणाली. "आईने त्याला चहा दिला. जाताना जिन्यात मला म्हणाला, फॉर्ममध्ये एक लिहिलंय आणि तुमची मैत्रीण दुसरं सांगते, बघा बाई काय ते."

"मग खुलासा माझ्याकडून का लिहून घेतलास?"

"इंग्रजी लिहून द्यायला मला दुसरं कोण आहे?" मग मोसंब्याच्या फोडी वेगळ्या करत म्हणाली, "आणि वाटलं, लिहिताना तरी सांगशील."

समोरून स्ट्रेचर गेलं, त्याच्यामागे धावणारी माणसं गेली. आम्ही दोघी ती माणसं दिसेनाशी होईपर्यंत बघत बसलो.

"रागावलीस?"

"तू सांगितलंस त्याचा नाही. खरंच होतं ते. पण फॉर्ममध्ये 'नाही' लिहू या, असं म्हणालीस ती पण तूच. तिथेही तू बोललीस, इथेही तूच. माझं मी कुठे बोललेच नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "मी 'हो' लिहिलं असतं ना, तर मला सांगता आलं असतं का बसले ते. मला लाज नव्हती वाटत त्याची."

मी रडायला लागले. तिने अर्धं मोसंबं माझ्या हातात दिलं. रडू नकोस असं म्हणाली नाही. तेवढ्यात आई आल्या, पर्स सावरत, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्येका काय झाला?"

"काही नाही," मैत्रीण म्हणाली. "तिला सर्दी आहे." मी आईंना त्या दिवशी सांगायचं ठरवून गेले होते. तिने ते मला करू दिलं नाही. नंतर तिनेच त्यांना सांगितलं असेल किंवा नसेल. त्यांच्या वागण्यात मला कधी फरक दिसला नाही, आणि तेच जास्त जड गेलं.

त्यानंतर तिने तीन परीक्षा दिल्या. प्रत्येक फॉर्म स्वतःच्या त्या वाईट अक्षरात भरला. त्या रकान्यात 'हो' लिहिलं आणि एका कोऱ्या कागदावर घडलं तसं लिहून सोबत जोडलं, कुठे बसलो, का बसलो, किती वाजता सोडलं. तिसऱ्या वेळी तिची न्यायालयात कनिष्ठ लिपिक म्हणून निवड झाली. त्या कागदाबद्दल तिला कोणी एक प्रश्नही विचारला नाही. मी परीक्षा देणं सोडलं. गिरगावात एका ट्रस्टच्या कार्यालयात पत्रव्यवहार बघते; माझं अक्षर आणि इंग्रजी तिथे उपयोगी पडतं. तिथे कोणाच्या वतीने काही लिहायची वेळ आली की मी आधी त्या माणसाला विचारते, तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय, आणि तो सांगेल तेवढंच लिहिते. लोक कंटाळतात कधी कधी.

चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे. तिच्या आई निवृत्त झाल्या आणि त्यांना सतराव्या मजल्यावर घर मिळालं. पूजेला मला बोलावलं होतं. तिथे तिने एका माणसाशी ओळख करून दिली, त्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं. "आम्ही अभ्यासाला एकत्र होतो," असं तिने माझ्याबद्दल सांगितलं. लग्न ठरून दोन महिने झाले होते, हे मला त्याच्या बोलण्यातून कळलं.

आम्ही अजून भेटतो. दादरला काही घ्यायचं असलं की ती फोन करते, आणि तासन्‌तास फिरतो. ती मला सगळं सांगते. फक्त आधी सांगत नाही. बाकीच्यांना कळून झालं की मग सांगते. गेल्या महिन्यात तिच्या बढतीची बातमी मला तिच्या आईंकडून कळली. मी फोन केला तेव्हा ती मनापासून हसली, म्हणाली, "अगं हो, तुला सांगायचंच होतं," आणि आम्ही बराच वेळ बोललो.